बेडकांची तब्येत तपासायला पहिल्यांदा बोडीवर उतरताय? आधी हे वाचा

पहिल्या पावसाळ्यात मी आमच्या गावच्या बोडीवरून, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यावरून, 43 बेडकांच्या कातडीचे नमुने घेतले आणि त्यातला एकही कामी आला नाही. नळ्यांवर साध्या पेनाने नंबर टाकले होते. डब्यात एका नळीचं झाकण सैल राहिलं, अल्कोहोल सांडलं, आणि घरी येऊन डबा उघडला तर सगळे आकडे निळ्या डागात विरघळून गेलेले. कोणता नमुना कुठल्या बेडकाचा हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. दोन महिन्यांच्या रात्री, चिखल, डास, घरच्यांची बोलणी, सगळं त्या एका डागात गेलं.

तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. माझं काम भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातलं, म्हणजे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव), बोड्या आणि बांध्यांवरचं (धानाच्या वाफ्यांवरचं). तुम्ही अकोल्याकडे शेततळ्यावर किंवा यवतमाळकडे पऱ्हाटीच्या शेतालगतच्या नाल्यावर काम करणार असाल तरी पद्धत हीच. फरक पडेल तिथे सांगेन.

बेडकांची तब्येत तपासायची म्हणजे नेमकं काय शोधायचं? तीन-चार गोष्टी. कातडीवरची कायट्रिड बुरशी, रानाव्हायरस नावाचा विषाणू, लालपायासारखे (पोट-पाय लाल पडणारे) जिवाणूंचे आजार, आणि अंगातली व्यंगं किंवा रोडपणा. यातली कायट्रिड सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहे. बेडूक कातडीतून पाणी घेतो, क्षार राखतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. ही बुरशी त्या कातडीत वाढते, कातडी जाड होते, अंगातल्या सोडियम-पोटॅशियमचा तोल ढळतो आणि शेवटी हृदय बंद पडतं. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या मरणाऱ्या बेडकांवर ती 1998 मध्ये प्रकाशात आली. 2019 च्या एका जागतिक आढाव्यात तिच्यामुळे 501 उभयचर जाती घटल्याचं आणि त्यातल्या 90 बहुधा कायमच्या गेल्याचं मांडलं गेलं. आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे. बेडूक ती अंगावर वागवत असतो आणि दिसायला ठणठणीत असतो, हेही होतं. म्हणून नुसत्या नजरेने भागत नाही, नमुने घ्यावे लागतात.

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात नेणारी सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे आपले ओले बूट आणि आपली जाळी. पहिल्या वर्षी मी एकाच रात्री तीन बोड्या केल्या, तेच बूट, तीच जाळी, मध्ये पाण्याने खळबळून घ्यायचंही सुचलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. बूट धुवायची तयारी नसेल तर बेडूक मोजायला जाऊच नका.

1. दोनच जागा निवडा

नवा माणूस दहा तलावांची यादी करतो आणि ऑगस्ट संपेपर्यंत दमून जातो. पहिल्या वर्षी दोन जागा पुरेत. एक शेतालगतची बोडी, एक जरा आडबाजूचं पाणी. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळेला, त्याच पाळीवरच्या (काठाच्या बांधावरच्या) त्याच 100 मीटरवर जायचं. सुरुवातीला आणि शेवटी एखादं झाड किंवा दगड खूण म्हणून ठरवून घ्या. आजारी बेडूक ओळखायचा तर त्या पाण्यावरचा निरोगी बेडूक कसा असतो हे आधी माहीत लागतं, आणि ते एका फेरीत कळत नाही.

जागा निवडताना रात्री तिथून परत कसं यायचं ते बघा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलालगतच्या बोडीवर अंधारात जाऊ नका, वाघ-बिबट्याचा वावर आहे की नाही ते गावात आणि वनरक्षकाला विचारूनच ठरवा. आणखी एक धोका लोक विसरतात: रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सोडलेली वीज. ज्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जाणार त्या प्रत्येक शेतमालकाला दिवसा भेटून स्पष्ट विचारा. मी विचारल्याशिवाय धुरा ओलांडत नाही.

2. परवानगी आणि कागदपत्रं

वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत वन्यप्राणी पकडणंही येतं. "सोडूनच देणार होतो" हे उत्तर तिथे चालत नाही. संशोधनासाठी पकडण्याची परवानगी कलम 12 खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पाय ठेवायचा तर कलम 28 खालची वेगळी परवानगी लागते. आपल्याला बरं म्हणजे राज्याच्या वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपुरातच आहे. तरीही अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच टाका. मे महिन्यात टाकलेला अर्ज मंजूर होऊन येईतो बेडूक ओरडून गप्प झालेले असतात.

जुळवायची कागदं:

- महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र आणि मार्गदर्शकाचं शिफारसपत्र
- कामाचा आराखडा: कोणत्या जाती, किती बेडूक, कोणते नमुने, किती दिवस
- जागांचा नकाशा, अक्षांश-रेखांशासह
- संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचं पत्र
- ग्रामपंचायतीचं किंवा गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं पत्र
- शेतमालकाची लेखी संमती; मामा तलाव मासेमारीला दिलेला असेल तर त्या मच्छीमार संस्थेचीही
- आधारची प्रत, फोटो, आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं होकारपत्र

होकारपत्राशिवाय नमुने घेऊ नका. आधी नमुने, मग प्रयोगशाळा शोधू, असं म्हणणाऱ्यांचे नमुने फ्रीजमध्ये पडून राहिलेले मी पाहिले आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेला नमुना कोरडा हवा की अल्कोहोलमध्ये, नळी कोणती हवी, हे वेगळं असतं. ते विचारून मगच सामान घ्या.

परवानगी आली नसेल तर काय? तर ऐकायचं, मोजायचं, हात न लावता फोटो काढायचे. शेतमालकाच्या होकाराने एवढं करता येतं आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी एवढंच करावं.

3. पिशवीत काय हवं

- पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, ठरवलेल्या बेडकांपेक्षा दीडपट
- स्वच्छ, न वापरलेल्या लहान प्लॅस्टिक पिशव्या, एका बेडकाला एक
- बारीक टोकाचे निर्जंतुक स्वॅब (नमुना घ्यायच्या बोळा लावलेल्या काड्या) आणि झाकणाच्या नळ्या
- व्हर्नियर कॅलिपर
- सोनाराकडे असतो तसा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मोठ्या बेडकांसाठी स्प्रिंगचा काटा
- पेन्सिल, जाड कागद, वही
- थर्मामीटर, पीएच पट्ट्या (पाणी आम्ल की अल्कली ते बघायला), टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला)
- डोक्याला बांधायची बॅटरी आणि एक जादा टॉर्च
- बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा (मासोळी विकणाऱ्यांकडे जुना मिळतो, धुऊन घ्या)
- घट्ट ब्रश, बादली, ब्लीच, साध्या पाण्याचा कॅन
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट

गमबुटांवर तडजोड नको. जिथे बेडूक तिथे त्यांना खाणारे साप. पाळीवर घोणस आणि मण्यार मी दोन्ही पाहिले आहेत. एकटं जायचं नाही, 108 क्रमांक आणि साप चावल्यावरचं औषध मिळणारं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं हे बरोबरच्या माणसालाही ठाऊक हवं. माझ्यासोबत माझे काका येतात. जागलीची सवय असलेला माणूस सोबत असला की निम्मी काळजी मिटते.

4. निरोगी बेडूक ओळखायला शिका

आमच्याकडे पाण्यावर सहज भेटतात ते असे. पाण्याच्या कडेला तरंगत बसून चाहूल लागताच पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा पाणबेडूक, शास्त्रीय नाव युफ्लिक्टिस. बांधीतला मोठा बैलबेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. अंगणातल्या दिव्याखाली बसणारा खरखरीत भेक. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटणारा झाडबेडूक, पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस. नखाएवढा पण आवाजाने कान किटवणारा चिमुकला मायक्रोहायला. आणि वर्षभर मातीत गाडून घेऊन पहिल्या सरींना वर येणारे गोल, फुगीर बेडूक.

नवख्यांची फसगत कशाने होते ते सांगते.

पहिल्या मोठ्या पावसात नर बैलबेडूक हळदीसारखा पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. दरवर्षी कोणीतरी मला फोटो पाठवून विचारतं, "ताई, याला कावीळ झाली का?" तो लग्नाचा पोशाख आहे, थोड्या दिवसांत उतरतो. नराच्या अंगठ्याजवळचा काळपट खरखरीत भाग हाही रोग नाही, मादीला धरून राहण्यासाठी तो असतो. बेडूक कात टाकतो आणि तोंडाने ओढून खातो. पातळ पापुद्रा एकसंध निघत असेल तर काळजी नको. नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या पिलाला शेपटीचा बुंधा राहिलेला असतो, तो व्यंग म्हणून लिहू नका. झाडबेडूक रंग बदलतो, दिवसा फिका, रात्री गडद.

आता खरी लक्षणं. भरदिवसा उघड्यावर बसलेला आणि जवळ गेलं तरी न हलणारा बेडूक. मागचे पाय पोटाखाली न घेता बाजूला पसरून बसणं. कातडी तुकड्यातुकड्याने सोलवटणं. पोटावर, मांडीच्या आत लालसर ठिपके किंवा रक्ताळलेपणा. फोड, पाण्याने फुगलेलं अंग, डोळ्यावर ढगाळ पडदा. माकडहाड उठून दिसेल इतका रोडपणा. शंका आली तर हातमोज्याने त्याला हलकेच पाठीवर ठेवा. निरोगी बेडूक डोळ्याचं पातं लवायच्या आत सुलटा होतो. अर्ध्या मिनिटातही सुलटं होता आलं नाही तर तसं वहीत लिहा. यातलं कुठलंही एक लक्षण एका रोगाचं नाव सांगत नाही. म्हणून वहीत "कायट्रिड झालेला" असं कधीच लिहायचं नाही, "मांडीच्या आत लाल ठिपके, सुस्त" एवढंच लिहायचं.

बोट किंवा पाय नसलेला बेडूक दिसला तर कडा बघा. व्रण असेल, हाड तुटल्यासारखं असेल तर तो खेकड्याचा, पक्ष्याचा किंवा विळ्याचा घाव असू शकतो. जादा पाय, कातडीत गुंडाळलेला सांधा, न फुटलेला डोळा, ही वाढीतली व्यंगं. त्यांचा फोटो वरून, खालून आणि बाजूने घ्या.

5. आधी ऐका, मग बघा

सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने पाळीवर पोहोचा. बॅटरी बंद करून पाच मिनिटं गप्प बसा, मग पाच मिनिटं ऐकून लिहा: कोणते आवाज, एकेकटे की एकावर एक चढलेले. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, आवाज नंतर ओळखता येतात. त्यानंतर 100 मीटर सावकाश चालत, एकदाच, दोन्ही बाजूंना बघत मोजा. परत येताना पुन्हा मोजू नका, तेच बेडूक दोनदा मोजले जातात.

पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की माझे आजोबा खूश व्हायचे, पाऊस चांगला पडणार म्हणून. तेव्हापासून मलाही मृग लागला की बोडीकडे धाव घ्यायची सवय. पण रोगाच्या नमुन्यांना जून हा एकच महिना धरणं चूक आहे आणि ही चूक जवळजवळ सगळे करतात. कायट्रिड बुरशी साधारण 17 ते 25 अंश सेल्सिअसला छान वाढते आणि 30 च्या वर गेलं की तिचं काही खरं नसतं. आपल्या विदर्भातलं जूनचं उथळ पाणी दिवसा किती तापतं ते हात घालून बघा. तिला मानवणारं गार पाणी आपल्याकडे पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात असतं. तेव्हा बहुतेक बेडूक मातीत गेलेले, बोडी गप्प, आणि संशोधकही घरी बसलेले. पाणबेडूक मात्र पाणी आहे तोवर वर्षभर कडेला दिसतो. म्हणून मी त्यालाच मुख्य जात धरलं आहे: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी अशा नमुन्यांच्या चार फेऱ्या, त्याच जागी.

6. बेडूक हातात घेणं

बेडकाच्या कातडीला जे लागेल ते थेट अंगात जातं. डासांचं मलम, साबण, अत्तर, सगळं वर्ज्य. आपल्या भागात खास सांगायला हवं ते म्हणजे खर्रा. तंबाखू आणि चुना घोटलेल्या हाताने बेडूक धरणं म्हणजे त्याच्या ओल्या कातडीला चुना फासणं. सोबत मदतीला आलेल्या पोरांना मी पाळीवर चढण्याआधीच हात धुवायला लावते आणि मोजे दिल्याशिवाय काही धरू देत नाही.

प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा. मोजा घातल्यावर स्वच्छ पाण्याने खळबळून ओला करा. कोरडा मोजा कातडीला चिकटतो. मोठ्या बेडकाला कमरेपाशी, दोन्ही मागचे पाय सरळ करून धरा. पोटावर दाब देऊ नका. नखाएवढ्या बेडकाला धरायचंच नाही, पिशवी उलटी हातावर घालून त्याला आत घ्यायचं. एका पिशवीत एकच बेडूक, आत दोन थेंब पाणी, थोडी हवा, पिशवी सावलीत. पकडल्यापासून सोडेपर्यंत पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका आणि जिथे पकडला तिथेच सोडा. भेक हाताळल्यावर डोळ्याला हात लावू नका, त्याच्या कानामागच्या ग्रंथींतून विषारी पांढरा द्रव येतो.

7. स्वॅब, मग मोजमाप

क्रम चुकवू नका. आधी स्वॅब, मग लांबी, मग वजन. मोजताना कातडी पुसली जाते आणि नमुना जातो.

अंगावर चिखल असेल तर सोबतच्या स्वच्छ पाण्याने अलगद धुऊन घ्या. स्वॅब फक्त काडीच्या शेवटाला धरून उघडा, टोक कशालाही लागू देऊ नका. मग पोटाच्या दोन्ही बाजूंना 5-5 वेळा, दोन्ही मांड्यांच्या आतून 5-5 वेळा आणि मागच्या दोन्ही पायांच्या पडद्यांवर 5-5 वेळा फिरवा. एकूण 30. प्रत्येक घासणीबरोबर काडी थोडी गोल फिरवा. दाब किती? पोळीला तूप लावताना असतो तेवढा. पाठीवर घासू नका, ही बुरशी पोटाकडे आणि पायांवर जास्त असते. बेडूकमाशांच्या तोंडाचा नमुना घेतात, पण ते अनुभवी माणसाकडून शिकल्याशिवाय करू नका, फार नाजूक काम आहे.

टोक नळीत घाला, काडी मोडा, झाकण घट्ट. आता चिठ्ठी. जाड कागदाचा छोटा तुकडा, त्यावर पेन्सिलने जागा, तारीख, बेडकाचा क्रमांक. अल्कोहोल वापरणार असाल तर ही चिठ्ठी नळीच्या आत, आणि बाहेर दुसरी चिकटपट्टीखाली. जेल पेन, बॉलपेन, "पक्का" म्हणून मिळणारा मार्कर, अल्कोहोलपुढे कोणी टिकत नाही. माझा निळा डाग आठवा.

दर वीस बेडकांमागे एक स्वॅब नुसता हवेत उघडून, कशालाही न लावता नळीत ठेवा. त्यात बुरशी निघाली तर गडबड आपल्या हातात आहे, बेडकात नाही, हे कळतं.

नळ्या लगेच बर्फात. आमच्याकडे रात्रभर वीज नसणं नवं नाही, म्हणून घरच्या फ्रीजवर भिस्त ठेवू नका. दुसऱ्या सकाळीच नमुने महाविद्यालयाच्या उणे 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये गेले पाहिजेत. एसटीने नेत असाल तर डबा मांडीवर, इंजिनाच्या बाजूला नको. शुद्ध इथेनॉल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर मिळतं, ते महाविद्यालयामार्फतच घ्या.

लांबी म्हणजे नाकाच्या टोकापासून पाठीमागच्या टोकापर्यंत, पाय धरायचे नाहीत. वजन पिशवीसकट घ्या, मग रिकाम्या ओल्या पिशवीचं वजा करा. लांबीच्या मानाने वजन कमी भरतंय का, हे त्याच जातीच्या बेडकांत, त्याच महिन्यात तुलना केल्यावरच कळतं. अंड्यांनी भरलेली मादी वेगळी लिहा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. ओळखीसाठी बोट कापण्याची जुनी पद्धत आहे, ती वापरू नका. पाठीवरच्या ठिपक्यांच्या फोटोवरून तोच बेडूक पुन्हा ओळखता येतो.

8. पाणी आणि शेताची विचारपूस

पाणी तपासायचं ते आपण उतरून गढूळ करण्याआधी. तापमान, पीएच, टीडीएस, आणि दरवेळी साधारण त्याच वेळेला, कारण शेवाळ असलेल्या पाण्याचा पीएच सकाळ-संध्याकाळ बदलतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस मुळातच चढा दिसेल, म्हणून ते पाणी भंडाऱ्याच्या बोडीशी ताडून बघू नका. त्याच पाण्याचा मागचा आकडा बघा.

मग माणसांशी बोला. रोवणी कधी झाली, तुडतुडे किंवा खोडकिडा आला का, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, डब्याचा फोटो घेऊ का. तलावात मत्स्यबीज कधी सोडलं, कुठून आणलं. रानाव्हायरस माशांनाही होतो, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

कसं विचारायचं हेही शिकावं लागतं. पहिल्या वर्षी मी एका बांधीवर उभी राहून थेट औषधाचं नाव लिहायला लागले. मालक चिडले: "काऊन वं पोरी, आमच्या फवारणीनं बेडकं मरतेत असं लिहून देतेस का सरकारले?" त्यांचा राग बरोबर होता. मी आधी काही समजावलंच नव्हतं. आता मी वही बंद ठेवून बसते, आधी पीक-पाणी विचारते, बेडूक किती किडे खातात यावर बोलणं होतं, मग परवानगी घेऊन लिहिते. त्या मालकांनीच पुढच्या वर्षी एका सकाळी फोन केला, "ये लवकर, बोडीत बेडकं उलटी पडली." फवारणीवर दोष ठेवायचा तर पाण्याचा आणि बेडकाच्या ऊतींचा रासायनिक तपास लागतो, त्याच्या बाटल्या आणि पद्धत वेगळी असते. तो झाला नसेल तर वहीत फक्त तारखा शेजारी-शेजारी लिहा.

9. मेलेले बेडूक सापडले तर

उघडून बघू नका, कुत्र्या-डुकरांना खाऊ देऊ नका. आधी फोटो: जागा, अंग, पोट, तोंड. किती, कोणत्या जातीचे, मासे किंवा दुसरे जीवही मेलेत का. आपल्या उन्हात बेडूक दोन-तीन तासांत सडतो आणि सडलेल्यातून फारसं काही निघत नाही. म्हणून ताजे असतील ते मोजे घालून वेगवेगळ्या पिशव्यांत बर्फावर ठेवा आणि लगेच मार्गदर्शक, वनरक्षक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेलेला बेडूक नेण्याचा उल्लेख तुमच्या परवानगीत आधीच असावा, ऐनवेळी तो मिळत नाही. त्या पाण्यावरून त्या दिवशी दुसऱ्या पाण्यावर जायचं नाही.

10. बूट धुणं

पाण्याबाहेर आल्यावर, गाडीत बसण्याआधी, पाण्यापासून दूर उंच जागी. आधी ब्रशने चिखल पूर्ण काढा. चिखल राहिला की ब्लीचची ताकद तिथेच संपते. हे माहीत नसल्याने लोक चिखलासकट बूट बुडवतात आणि निर्धास्त होतात. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. बूट, जाळीची दांडी, बादलीचा बाहेरचा भाग, सगळं. नंतर साध्या पाण्याने नीट धुवा, कारण ब्लीच बेडूकमाशांना मारतं. द्रावण रोज ताजं करा, उरलेलं पाण्यात किंवा बांधीत ओतू नका, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका.

कॅलिपर आणि काट्याची ताटली प्रत्येक बेडकानंतर 70 टक्के अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या. बूट उन्हात खडखडीत वाळले तर कायट्रिड मरते, पण ऑगस्टमध्ये आपल्याकडे चार-चार दिवस बूट वाळत नाहीत आणि रानाव्हायरस वाळवण्याला तेवढा दबत नाही. म्हणून पावसाळ्यात ब्लीचच. शक्य असेल तर दोन जागांसाठी बुटांचे दोन जोड ठेवा. मी आता तसंच करते, एकावर लाल पट्टी, एकावर पांढरी.

11. आकडे वाचताना

एकही बेडूक न दिसलेली रात्रही लिहायची: तारीख, वेळ, तापमान, पाऊस, "0". मी सुरुवातीला अशा रात्री वहीत घेतल्याच नाहीत, त्यामुळे माझ्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांत बेडूक खोटेच जास्त दिसतात.

प्रयोगशाळेतून सगळे नमुने निर्दोष आले तर "इथे बुरशी नाही" असं म्हणू नका. सोपा हिशेब आहे: 3 ला तपासलेल्या बेडकांच्या संख्येने भागा. 30 बेडूक तपासून एकही सापडला नाही, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लागण 10 टक्क्यांहून कमी असावी. 60 तपासले तर 5 टक्क्यांहून कमी. म्हणून दर जातीचे निदान 30 धरा, आणि सात जातींचे चार-चार नमुने घेण्यापेक्षा एकाच जातीचे 30 घ्या. एखाद्या नमुन्यात बुरशी निघाली तर गावात बोभाटा करण्याआधी तोच नमुना पुन्हा तपासून घ्या.

रात्रीची वही दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संगणकावर चढवा आणि पानांचे फोटो काढून ठेवा. हंगाम संपला की एका पानात, मराठीत, काय पाहिलं ते लिहून प्रत ग्रामपंचायतीला, मच्छीमार संस्थेला आणि ज्यांच्या धुऱ्यावरून गेलात त्या मालकांना द्या. जैवविविधता समिती असेल तर लोक जैवविविधता नोंदवहीत बेडकांच्या जाती चढवून घ्या. वनविभागाला द्यायचा अहवाल परवानगीच्या पत्रात लिहिलेल्या मुदतीत पोहोचवा आणि पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती पोच जोडावी लागते.